एक खोका कमी : बेळगावचे तीन दिवस

सराफ, मास्तर आणि मी. ही कुणाचीच खरी नावं नव्हेत, पण १९७९ पासून आम्ही एकमेकांना याच नावांनी हाका मारतोय. सराफ गुजरीत एका पेढीवर दागिने घडवायचा. मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. मी सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक, म्हणून 'क्लार्कसाब'. टेरिटोरियल आर्मीत भरती झालो त्या पहिल्या दिवशी ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादनं रांगेतून फिरत एकेकाला विचारलं, "सिव्हिल में क्या करते हो?" ज्यानं जे सांगितलं तेच त्याचं नाव झालं. चौथा आमचा गवळी. तो गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचा.

टी.ए. म्हणजे काय, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं. आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वर्षातला थोडा काळ फौजेत घालवायचा. नोकरी किंवा धंदा असणाऱ्यालाच घेतात, रिकाम्या माणसाला घेत नाहीत. शहरी तुकड्यांना शनिवार-रविवारच्या परेडी असत, आमच्यासारख्यांना वर्षातून दोन महिन्यांचा कॅम्प. गल्लीतले लोक विचारायचे, "फौजेतनं सुट्टीवर आलायस, का हापिसातनं सुट्टीवर चाललायस?" दहा वर्षांत याचं नीट उत्तर मला देता आलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात सराफानं टूम काढली की ९ तारखेला टी.ए. दिवस आहे, तो आपल्या जुन्या कॅम्पच्या गावी साजरा करू. टी.ए.चं उद्घाटन राजगोपालाचारींनी ९ ऑक्टोबर १९४९ ला केलं होतं. तेव्हा ते गव्हर्नर जनरल होते. ही तारीख आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतली होती की लग्नाची तारीख विसरेन, ही विसरणार नाही. गाडी मास्तराच्या भाच्याची, चालवणारही तोच. गवळी म्हणाला, "तुम्ही जावा. म्हशींना तारीख कळत नाही."

पहिला दिवस : कोल्हापूर ते बेळगाव

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. मास्तर पावणेसातला पाठीवर सॅक घेऊन फाटकात उभा. सराफ साडेसातला आला. तेव्हाही असंच होतं.

मिसळ खाऊन निघालो. जाताना टेंबलाईच्या टेकडीजवळ भाच्याला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. टी.ए.ची बटालियन अजून तिथंच आहे. याच फाटकातून आम्ही छाती फुगवून आत गेलो होतो. फुगवून म्हणजे अगदी शब्दशः. माझी छाती मापात बसत नव्हती, तेव्हा टेप धरणारा हवालदार हळूच म्हणाला होता, "श्वास घे, आन् मी सांगतोवर सोडू नको." त्यानं आकडा लिहिला, सही केली, मग शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलत बसला. मी डोळ्यांपुढं काजवे येईपर्यंत तसाच उभा.

कोल्हापूर-बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. कागल सोडलं की कोगनोळीचा नाका, तिथून कर्नाटक. रस्ता उत्तम, दोन-अडीच तास पुरतात. मोटार नसेल तर दोन्ही राज्यांच्या एसट्या भरपूर आहेत, फक्त सीमाप्रश्नावरून काही पेटलेलं नाही ना एवढं निघण्याआधी बघून घ्यावं. पेटलं की पहिल्यांदा एसटी बंद होते.

आमच्या वेळी हाच रस्ता शक्तिमान ट्रकच्या पाठीमागून पाहिलेला. म्हणजे रस्ता उलटा दिसायचा. निपाणी जवळ येतंय हे कळायचं नाही, निपाणी गेली हे कळायचं, तेही नाकाला. तंबाखूच्या वासानं सराफाला शिंका लागायच्या त्या संकेश्वरपर्यंत. यंदा भाच्यानं एसी लावून काचा बंद ठेवल्या होत्या. निपाणीत मास्तरानं मुद्दाम काच खाली केली. वास काही आला नाही, शिंक मात्र सराफाला आलीच.

बेळगावात कॅम्पाजवळ, म्हणजे लष्करी छावणीजवळ, साधंसं लॉज घेतलं. गाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, ऑक्टोबरातही संध्याकाळी हवेत गारवा येतो. म्हाताऱ्यांनी स्वेटर न्यावा. पाट्या कानडी, बोलणं मराठी-कानडी. तुम्ही मराठीत विचारा, मराठीत उत्तर मिळतं, फक्त त्या उत्तराला शेवटी एक 'की' लागलेला असतो. "हॉटेल कुठंय?" "हितंच आहे की!"

रात्री जेवण झाल्यावर कुंदा. खवा आटवून, साखर करपवून, दाणेदार तपकिरी केलेला. कॅम्प संपला की प्रत्येकाच्या बिस्तरबंदात घरासाठी कुंद्याचं खोकं असायचंच. दुकानदार म्हणाला की चार-पाच दिवस टिकतो. आमच्या अनुभवानं एक रात्र.

दुसरा दिवस : कॅम्प, किल्ला आणि फायरिंग

बेळगावचं कॅम्प म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं घर. रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर १९२२ पासून इथं आहे. तिची सगळ्यात जुनी पलटण १७६८ ची, जंगी पलटण म्हणतात ती. आमची टी.ए. याच रेजिमेंटशी जोडलेली, त्यामुळे टोपीवरचं बिल्लं तेच आणि चालही तीच. लाइट इन्फन्ट्रीची चाल झपझप. साध्या पलटणी मिनिटाला १२० पावलं टाकतात, आम्ही १४०. सराफानं तेव्हा हिशोब मांडला होता की पगार तेवढाच आणि पावलं मात्र वीस जादा.

पहाटे सहाला रस्त्यावर आलो तर रंगरूट पळत होते. एकसारखे बूट, एकसारखा श्वास. मास्तर नकळत त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागला. पन्नास पावलांवर थांबून चहाच्या टपरीला धरून उभा राहिला. टपरीवर साध्या कपड्यातला एक हवालदार चहा पीत होता. सातारा भागातला. त्यानं विचारलं, "आबा, कुठल्या पलटणीचे?"

"टी.ए.," मास्तर म्हणाला, धाप लागलेली.

"किती सर्व्हिस?"

आता आली का पंचाईत. दहा वर्षं म्हणावं तर खोटं. वर्षाला दोन महिने धरले तर वीस महिने. मी कारकून, मी म्हणालो, "दहा वर्षांत वीस महिने." तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे तुम्ही अजून ट्रेनिंगमधीच म्हणा की." चहाचे पैसे मात्र त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत.

एक सांगायला हवं. सेंटरच्या आत असंच जाता येत नाही. तिथलं म्युझियम पाहायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते, ओळखपत्रं लागतात. आम्ही यातलं काही केलं नव्हतं. 'आपलंच घर' या भ्रमात गेलो आणि फाटकावरून नम्रपणे परत आलो. फाटकाचे फोटोही काढू नका, उगीच संतरीला कामाला लावू नये.

मग मिलिटरी महादेवाला गेलो. कॅम्पातलं हे देऊळ झाडीत आहे, स्वच्छ आणि शांत. तिथून किल्ला. किल्ल्यातली कमल बस्ती चुकवू नका. १२०४ सालचं जैन मंदिर, काळा दगड, आणि छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ. मास्तर मान वर करून पाऊण तास उभा होता. त्याची मान नंतर दोन दिवस तशीच राहिली.

मास्तराच्या चित्रकलेवरून आठवलं. फौजेत नजरेसमोरचा इलाखा कागदावर उतरवायला शिकवतात. झाड कसं, टेकडी कुठं, दुश्मन कुठल्या झुडपाआड. झाडांनाही त्यांची ठरलेली नावं, गुच्छेदार पेड वगैरे. उस्तादनं आम्हाला अर्धा तास दिला. बाकीच्यांनी चार रेघोट्या ओढून कागद दिले. मास्तरानं खिशातून रंगाची पेटी काढली, पाण्याच्या बाटलीत ब्रश बुडवला, आणि असा काही सूर्यास्त रंगवला की बस्स. उस्तादनं कागद उभा धरला, आडवा धरला.

"ये क्या है?"

"ढग, उस्ताद. बादल."

"बादल पे फायर करेगा?"

उस्ताद खटाव तालुक्यातला होता, पण परेडवर त्याच्या तोंडून मराठीचं अक्षर निघत नसे. हिंदी परेडची, मराठी लंगरची, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराची. तो कागद मात्र त्यानं फाडला नाही. कॅम्प संपताना त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला आम्ही पाहिला.

आता खोक्याचं. हल्ली खोके म्हटलं की माणसं वेगळंच हसतात, पण फौजेत खोका म्हणजे गोळी सुटल्यावर मागं उरलेली पितळेची रिकामी नळी. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोके मोजून परत द्यावे लागतात. एक कमी पडला तरी रेंज सोडता येत नाही.

तेव्हा आमच्या हातात थ्री नॉट थ्री होती. चार किलोची बंदूक, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागं ओढून खोका बाहेर काढायचा, पुन्हा पुढं ढकलायचा. दस्ता खांद्यात घट्ट नाही धरला तर अशी लाथ बसते की दुसऱ्या दिवशी दाढी डाव्या हातानं करावी लागते. मी केलीय, गालावर खूण आहे. माझ्या टार्गेटवर पाचातला एकही दाणा नव्हता. तिकडून लाल झेंडी हलली, म्हणजे वॉशआउट. शेजारच्या टार्गेटवर आठ भोकं निघाली. शेजारचा पाचच गोळ्या झाडून बसला होता. उस्ताद म्हणाला, "क्लार्कसाब, दुसरे टेबल की फाइल पे साइन कर दिया."

हसण्याखिदळण्यात फायरिंग संपलं आणि खोके मोजायला घेतले. एक कमी. परत मोजले, एक कमीच. मोजणी माझ्याकडे दिली, कारण क्लार्कसाब. मी दहा-दहाचे ढीग लावले, तरी एक कमी. मग अख्खी कंपनी गुडघ्यांवर. गवताची काडी न् काडी चाळली. सूर्य खाली गेला, लंगरमधल्या डाळीवर साय धरली असणार, आणि आम्ही बेळगावच्या लाल मातीत बोटं घालतोय. अंधार पडता पडता सराफानं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि टण्णकन खोका दगडावर पडला.

चोरीबिरी काही नव्हती. पेढीवर बारीक तुकडा दिसला की उचलून बाजूला ठेवायचा, ही बोटांची सवय. पितळ चमकलं, हात गेला, खिशात पडलं, डोक्याला पत्ताच नाही. तो शपथा घेत होता. उस्तादनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सामानानं भरलेला पिठ्ठू पाठीवर चढवून त्याला ग्राउंडच्या चकरा मारायला लावल्या. प्रत्येक चकरेला त्यानं मोठ्यांदा म्हणायचं होतं, "खोका सरकारी है."

किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून सराफ हे सगळं भाच्याला सांगत होता. त्याच्या गोष्टीत मात्र खोका उस्तादच्या खिशात निघाला.

तिसरा दिवस : माळ, म्हैस आणि राजहंसगड

कॅम्पचा माळ शोधायला निघालो आणि सापडला नाही. म्हणजे माळ होता तिथं प्लॉट पडलेत, कॉलन्या झाल्यात. शेवटी मास्तरानं दूरच्या टेकडीच्या रेषेवरून जागा ओळखली. कधी काळी काढलेला तो सूर्यास्त असा कामी आला. आमचा तंबू जिथं असावा तिथं आता एक ब्यूटी पार्लर आहे.

१९८३ चा कॅम्प नेमका जूनमध्ये लागला. पेरणीच्या दिवसांत शेतकरी पोरांना फौजेत बोलावण्याची कल्पना कुणाची, ते ठाऊक नाही. बेळगावचा पाऊस आडवा पडतो. तंबूभोवती चर खणायचे, चर भरले की मग्ग्यानं उपसायचे. कपडे वाळायचेच नाहीत, अंगावरच्या उबेनं जेवढे वाळतील तेवढे. २५ जूनच्या रात्री वर्ल्ड कपची फायनल. मास्तराचा ट्रान्झिस्टर कांबळ्याखाली, आणि त्याभोवती आमची सहा डोकी. आपण १८३ वर आटपलो होतो, रिचर्ड्स झोडपत होता, तोंडं उतरली होती. तेवढ्यात कपिलनं मागं पळत जाऊन तो झेल घेतला, आणि सराफ जिवाच्या आकांतानं ओरडला, "गेला! गेला रे गेला!"

ड्युटीवरचा हवालदार कंदील घेऊन धावत आला. त्याला वाटलं, पावसात साप चावला.

"कौन गया?"

"रिचर्ड्स, साब."

"कौनसी कंपनी का?"

तो कुस्तीवाला माणूस, क्रिकेटचा गंध नव्हता. पण आमची तोंडं बघून कंदील बारीक करून तोही बसला. होल्डिंग पायचीत झाला तेव्हा मध्यरात्र झाली असावी. ४३ धावांनी जिंकलो. सकाळी पीटीला सगळ्यांना पंचवीस-पंचवीस सपाटे जादा मिळाले, हवालदारानं रिपोर्ट तर द्यायलाच हवा होता. २००८ साली कपिलला टी.ए.त मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तेव्हा सराफानं मला फोन करून सांगितलं, "आता तो आपल्या कंपनीचा."

त्याच कॅम्पातली गवळ्याची रात्र. लंगरच्या स्टोअरवर त्याची ड्युटी. दोनच्या सुमारास अंधारात काहीतरी हललं. "थम! कौन आता है?" उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तेवढ्यात फुरफुर ऐकू आली, आणि पुढचं सगळं त्याच्या धंद्यातलं होतं. जवळच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून भाताच्या खरकट्यावर आली होती. त्यानं बंदूक खांद्याला अडकवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, कासेला हात घातला. परक्या माणसाला, परक्या जागी, रेडकू नसताना म्हैस पान्हा सोडत नाही. त्याला सोडला. त्यानं जर्मनच्या टोपात धार काढली.

रोजचा चहा पावडरीच्या दुधाचा, कळकट आणि पाणचट. त्या सकाळी चहावर साय. सुभेदारसाहेबांनी दोन मग्गे घेतले आणि कुकला शाबासकी दिली. कुक बिचारा गोंधळून गप्प. नऊला वस्तीवरचा मालक तणतणत आला, "रात्रीत म्हस आटलीया! कुणी तरी करणी केलीया की!" चौकशी झाली, गवळ्याला पुढं बोलावलं. उस्तादनं विचारलं, "चॅलेंज किया था?"

"तीन बार किया, उस्ताद."

"पासवर्ड दिया उसने?"

"दिया ना," गवळी म्हणाला, "पाच लिटर."

मालकाला दुधाचे पैसे मिळाले, गवळ्याला सात दिवस फटीग, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत. तरी पुढचे सातही दिवस तो मालक संध्याकाळी येऊन गवळ्यापाशी बसायचा, आपल्या दुसऱ्या एका अडेल म्हशीचं दुखणं सांगत.

ब्यूटी पार्लरसमोर उभं राहून आम्ही त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो गोठ्यात होता. जागा दाखवली. म्हणाला, "म्हशी हायत का तिथं?" नाहीत म्हटल्यावर त्याचा रस संपला.

दुपारनंतर राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा किल्ला. गावापासून साधारण पंधरा किलोमीटर. तेव्हा इथं रूट मार्चनं आलो होतो, पाठीवर पिठ्ठू, खांद्यावर बंदूक, आणि सराफाच्या टाचेला पेरूएवढा फोड. आता गाडी पार वरपर्यंत जाते. वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. मार्च २०२३ मध्ये या एकाच पुतळ्याचं अनावरण दोन पक्षांनी दोनदा केलं. जाणार असाल तर संध्याकाळी जा, वारा सुंदर असतो. टोपी सांभाळा. पाणी खालूनच न्या.

वर गर्दी नव्हती. मास्तराला काय सुचलं कुणास ठाऊक, तो एकदम करडा आवाज काढून ओरडला, "तीनों तीन, लाइन बन!" आम्ही बनवली. "सावधान!" गुडघे कडकडले, टाच टाचेला लागली. "दहिने... मुड!" मी आणि सराफ वळलो आणि एकमेकांच्या नाकाला नाक. कोण चुकला यावर तिथंच वाद झाला. कॉलेजची पोरं मोबाइल काढून उभी. त्यातला एक म्हणाला, "अंकल, परत करा की, रेकॉर्ड नव्हतं झालं." परत केलं. या वेळी दोघंही डावीकडे वळलो. मास्तर म्हणाला, "निदान एकत्र तरी."

परतीची सकाळ

निघताना कुंदा घेतला. प्रत्येक घरी दोन खोकी, गवळ्याला एक, भाच्याला एक, एकूण आठ. शिवाय बेळगावचं पांढरं लोणी घेणार होतो, पण उन्हात गाडीत त्याचं काय होईल ते ओळखून सोडलं. न्यायचंच असेल तर बर्फाचा डबा बरोबर ठेवा.

कोल्हापुरात शिरल्यावर पहिला गवळ्याकडे थांबलो. भाच्यानं डिकी उघडली. मी सवयीनं मोजलं. सात. परत मोजलं, सात. सीटखाली पाहिलं, मास्तराची सॅक उलटी केली. गवळी हातातली चरवी तशीच धरून बघत होता. मी आणि मास्तरानं एकाच वेळी सराफाकडे पाहिलं.

तो संकेश्वरपासून मागच्या सीटवर एकटाच बसला होता. त्यानं रुमाल काढून ओठ पुसले आणि म्हणाला, "अर्धं शिल्लक आहे."

गवळ्यानं चरवी खाली ठेवली. "सराफ," तो म्हणाला, "गोठ्याला चकरा मार."